वैद्यकीय प्रतिमादर्शन : इतिहास

जिवंत शरीर न उघडता त्याच्या आतील अवयवांची रचना, हालचाल वा कार्य दृश्य स्वरूपात पाहण्याच्या तंत्रांना एकत्रितपणे वैद्यकीय प्रतिमादर्शन म्हणतात. रोगाचे निदान करणे, उपचाराने रोग हटत आहे की वाढत आहे हे ठराविक काळाने पडताळून पाहणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी रोगाची जागा व व्याप्ती निश्चित करणे, हे या तंत्रांचे मुख्य उपयोग होत. क्ष-किरण, किरणोत्सर्गी द्रव्यांतून बाहेर पडणारे गॅमा किरण, श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांचा ध्वनी) आणि चुंबकीय क्षेत्रात वापरलेले रेडिओ तरंग ही त्यांची प्रमुख साधने आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वैद्याला शरीराच्या आतील स्थितीचे ज्ञान स्पर्शाने, बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून आणि १८१६ नंतर स्टेथॉस्कोपने होत असे. डोळ्यांनी पाहण्याची संधी शवविच्छेदनाच्या वेळीच मिळे. म्हणजे निदान बरोबर होते की चूक, हे रुग्णाला त्याचा उपयोग उरत नसे तेव्हा कळे. ही मर्यादा १८९५ साली संपली. तथापि शरीरात पाहावयाचे तर शरीरातून काहीतरी आरपार पाठवावे लागते, आणि जे पाठविले त्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे बहुधा प्रतिमा हाती आल्यानंतर बऱ्याच काळाने कळले. या विषयाचा इतिहास यंत्रांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे. तितकाच तो या विलंबाचाही इतिहास आहे.

क्ष-किरणांचा शोध : जर्मनीतील वुर्ट्सबर्ग विद्यापीठातील भौतिकीविज्ञ व्हिल्हेल्म कोनराट रंटगेन (१८४५–१९२३) हे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हवा काढून टाकलेल्या काचेच्या नलिकेतील विद्युत् विसर्जनाचा अभ्यास करीत होते. नलिका काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली असूनही जवळच ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडाचा लेप दिलेला पडदा अंधारात चमकू लागला. नलिकेतून निघणारे अज्ञात किरण कागद, लाकूड व मांस यांतून आरपार जातात, हाडांत पुष्कळसे अडतात आणि शिशात जवळजवळ पूर्णपणे अडतात, असे त्यांना आढळले. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी या किरणांना ‘क्ष’ हे नाव दिले. पुढील सात आठवडे कोणाला न सांगता त्यांनी प्रयोग केले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. २८ डिसेंबर रोजी त्यांनी आपला निबंध स्थानिक वैद्यकीय-भौतिकी संस्थेकडे दिला व १ जानेवारी १८९६ रोजी त्याच्या प्रती चित्रांसह निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांना टपालाने पाठविल्या. २३ जानेवारीच्या त्यांच्या व्याख्यानात शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बेर्ट फोन क्योलिकर यांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष घेण्यात आले. रंटगेन यांनी शोधाचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. १९०१ सालचे भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

एखाद्या शोधाचा वैद्यकात इतक्या तातडीने स्वीकार झाल्याची उदाहरणे थोडीच आहेत. आवश्यक ती नलिका व विद्युत् वेटोळे बहुतेक भौतिकी प्रयोगशाळांत अगोदरच होते, हे त्याचे एक कारण. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांनी जानेवारी १८९६ मध्येच हातात रुतलेल्या सुईचे चित्र घेतले. हिंदुस्थानच्या वायव्य सीमेवरील तिराहच्या मोहिमेत (१८९७–९८) ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक वॉल्टर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी हे यंत्र डोंगराळ मुलखात नेले. युद्धभूमीवर क्ष-किरण वापरल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी मोटारगाड्यांत क्ष-किरण यंत्रे बसवून ती आघाडीच्या मागील रुग्णालयांपर्यंत पोहोचविली व ती चालविण्याचे शिक्षण स्त्रियांना दिले. १९१३ साली अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टनाच्या तारेची नलिका तयार केली. तोपर्यंतच्या नलिका लहरी असत. नव्या नलिकेत किरणांची तीव्रता व भेदकता स्वतंत्रपणे आणि खात्रीने ठरविता येऊ लागली.

आरंभीच्या इजा : किरण दिसत नाहीत, त्यांचा वास नाही, लागताना वेदना होत नाही, त्यामुळे ते निरुपद्रवी असावेत असा समज प्रारंभी होता. १८९६ सालातच केस गळणे, कातडी लाल होऊन सोलणे, न भरणारे व्रण होणे अशी वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली, परंतु त्यांचा दोष पुष्कळांनी विजेला किंवा प्रकाशचित्रणातील रसायनांना दिला. अमेरिकन अभियंते इलायहू टॉमसन यांनी आपल्या हाताच्या करंगळीवर मुद्दाम क्ष-किरण घेऊन इजा किरणांनीच होते हे त्याच वर्षी दाखविले. तरीही कामाची पद्धत फारशी बदलली नाही. नलिका योग्य स्थितीत आहे की नाही हे पाहण्यासाठी तज्ञ दिवसातून अनेकदा स्वतःचाच हात किरणांपुढे धरून पडद्यावर त्याची छाया तपासत. वैद्यकातील हे बहुधा एकमेव उपकरण असेल, की ज्याच्या तपासणीचे माप चालविणाऱ्याचे शरीर हेच होते. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले व १९०४ साली त्यांचा कर्करोगाने मृत्यू झाला. एडिसन यांनी हे संशोधन सोडून दिले. वर उल्लेखिलेल्या हॉल-एडवर्ड्‌स यांचा डावा हात १९०८ साली कापण्यात आला. किरणांच्या कामात प्राण गमावलेल्यांचे एक स्मारक १९३६ साली हँबर्ग येथे उभारण्यात आले. त्यावर आरंभी १६९ नावे होती; पुढे ती वाढत गेली. यांत वैद्य, भौतिकीविज्ञ, तंत्रज्ञ व परिचारिका आहेत. रुग्णांची नोंद अशा स्मारकावर होत नसते.

किरणांपासून संरक्षणाचे नियम सुचविणारी आंतरराष्ट्रीय समिती १९२८ साली स्टॉकहोम येथील परिषदेत स्थापन झाली. म्हणजे पहिली इजा व पहिला आंतरराष्ट्रीय नियम यांत सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे.

अपारदर्शी द्रव्ये : क्ष-किरण चित्र ही मुळात छाया होय. हाड व मांस यांतील भेद त्यात उमटतो, परंतु जठर, आतडी, पित्ताशय, रक्तवाहिन्या हे मऊ भाग एकमेकांत मिसळून जातात. त्यांना उठाव देण्यासाठी किरण अडविणारे द्रव्य पोकळीत भरण्याची युक्ती निघाली. हार्व्हर्ड येथे विद्यार्थी असतानाच वॉल्टर कॅनन यांनी १८९६ च्या अखेरीस प्राण्यांना बिस्मथ संयुग खाऊ घालून गिळण्याची क्रिया पडद्यावर पाहिली. १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट प्रचारात आले. बेरियमाची विरघळणारी लवणे विषारी आहेत; सल्फेट पाण्यात विरघळत नसल्याने ते शरीरात शोषले न जाता बाहेर पडते. जठर व आतड्यांच्या तपासणीसाठी ते अजूनही वापरले जाते.

मेंदू कवटीत बंद असल्याने त्याचा प्रश्न अधिक बिकट होता. अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली मेंदूतील विवरांमधील द्रव काढून त्या जागी हवा भरली. हवेतून किरण सहज जात असल्याने विवरांचा आकार दिसला आणि तो बिघडलेला असल्यास अर्बुदाची (गाठीची) जागा अनुमानाने काढता आली. ही तपासणी अत्यंत वेदनादायक होती व तिच्यात धोकाही होता, परंतु पुढील अर्धशतक तिला फारसा पर्याय नव्हता. लिस्बन येथे एगास मोनीझ यांनी १९२७ साली मानेतील रोहिणीत द्रव्य टोचून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. १९२९ साली जर्मनीतील एबर्सव्हाल्ड येथील तरुण डॉक्टर व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातील नीलेतून एक बारीक लवचिक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरण चित्र घेऊन ती तेथे पोहोचल्याचे सिद्ध केले. वरिष्ठांनी याचे स्वागत केले नाही. अमेरिकेत आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी हे तंत्र पुढे नेले व १९५६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. आज हृदयाच्या रोहिणीतील अडथळा पाहण्याची व तो दूर करण्याची जी पद्धत जिल्ह्याच्या ठिकाणीही उपलब्ध झाली आहे, तिचे मूळ या प्रयोगात आहे.

याच काळातील एक द्रव्य मात्र रुग्णांना फार महाग पडले. थोरियम डायऑक्साइडाचे ‘थोरोट्रास्ट’ नावाचे निलंबन १९३० च्या सुमारास वापरात आले. त्याने मिळणारी चित्रे सुस्पष्ट असत आणि टोचल्यावर रुग्णाला तात्काळ काही त्रास होत नसे. म्हणून ते उत्तम मानले गेले. परंतु थोरियम किरणोत्सर्गी आहे, त्याचे अर्धायुष्य सु. १,४०० कोटी वर्षे आहे, आणि एकदा टोचलेले हे द्रव्य यकृत व प्लीहा यांत कायमचे साठून राहते. वीस-तीस वर्षांनंतर या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. एका तपासणीसाठी दिलेले द्रव्य आयुष्यभर आतून प्रारण (किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा) सोडीत राहिले होते. १९५० नंतरच्या दशकात त्याचा वापर थांबला. त्याची जागा आयोडिनाच्या, मूत्रावाटे बाहेर पडणाऱ्या संयुगांनी घेतली.

क्षय आणि सामूहिक तपासणी : ब्राझीलमधील मानुएल दि आब्रेऊ यांनी १९३६ साली पडद्यावरील छातीच्या प्रतिमेचे लहान आकाराचे प्रकाशचित्र घेण्याची स्वस्त पद्धत बसविली. तिच्यामुळे हजारो लोकांची क्षयासाठी तपासणी करणे शक्य झाले. भारतात १९५५–५८ मध्ये झालेल्या क्षयाच्या राष्ट्रीय पाहणीतही ती वापरली गेली. याच कामातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : एकच चित्र दोन अनुभवी तज्ञांनी पाहिले, तर त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा जुळत नाहीत, इतकेच नव्हे, तर तोच तज्ञ तेच चित्र काही काळाने पुन्हा पाहताना स्वतःशीही सहमत होत नाही. प्रतिमा यंत्र देते, निदान माणूस करतो, हा भेद यामुळे प्रथमच आकड्यांत मांडला गेला. भारताच्या क्षय कार्यक्रमाने पुढे थुंकीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीला प्राधान्य दिले. अलीकडे संगणकाकडून छातीची चित्रे वाचून घेण्याची पद्धत आली असून, क्षयाच्या चाळणी तपासणीत पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी तिचा वापर करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली.

किरणोत्सर्गी मागोवा : अवयव कसा दिसतो यापेक्षा तो काय करीत आहे हे जाणून घेण्याची दुसरी वाट अणुकेंद्रीय वैद्यकाने दाखविली. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग हेव्हेशी यांनी १९२३ साली वनस्पतींतील शिशाच्या हालचालीचा मागोवा किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या (त्याच मूलद्रव्याच्या भिन्न अणुभाराच्या प्रकाराच्या) साहाय्याने घेतला. अवटू ग्रंथी (गळ्यातील थायरॉइड ग्रंथी) आयोडीन शोषून घेते; म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन दिल्यास ग्रंथी स्वतःच आपले चित्र काढून देते. असे चित्र ओळीओळीने टिपणारे यंत्र अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी १९५० च्या सुमारास बनविले. हॅल अँगर यांच्या कॅमेऱ्याने काही वर्षांतच ते काम एकाच वेळी संपूर्ण क्षेत्रासाठी केले. टेक्नेशियम–९९ एम हा समस्थानिक या शाखेचा कणा ठरला, कारण त्याचे अर्धायुष्य फक्त सहा तास असल्याने रुग्णाला मिळणारे प्रारण मर्यादित राहते.

भारतात तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाल्यानंतर समस्थानिक देशातच तयार होऊ लागले. मुंबईत परळ येथे १९६३ साली प्रारण वैद्यक केंद्र स्थापन झाले व देशातील अणुकेंद्रीय वैद्यकाचे शिक्षण पुष्कळ अंशी तेथून पसरले. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रण (पीईटी) हे तंत्र १९७५ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुइस येथे विकसित झाले. त्यात ग्लुकोजासारख्या एका संयुगाला फ्ल्युओरीन–१८ जोडतात. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधिक प्रमाणात वापरीत असल्याने त्या प्रतिमेत उजळून दिसतात. औषधयोजनेनंतर हा उजेड कमी झाला की नाही, हे गाठीचा आकार बदलण्याच्या अगोदरच कळते. भारतातील असे पहिले यंत्र २००२ साली वरील परळच्या केंद्रातच बसविण्यात आले.

संगणकीय छेदचित्रण : नेहमीच्या क्ष-किरण चित्रात शरीराचे सर्व थर एकमेकांवर पडलेले असतात, अनेक काचांवर काढलेली चित्रे एकावर एक ठेवून पाहावीत तसे. थर वेगळे कसे करावेत, या प्रश्नाचे गणिती उत्तर ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ सालीच दिले होते, परंतु ते वैद्यकासाठी नव्हते आणि वैद्यकात ते कोणाला माहीतही नव्हते. केपटाउन येथील भौतिकीविज्ञ ॲलन कॉरमॅक (१९२४–९८) यांनी १९५६ साली एका रुग्णालयात अर्धवेळ काम करताना हाच प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला व १९६३–६४ मध्ये आपले उत्तर प्रसिद्ध केले. त्याकडे जवळजवळ कोणीही लक्ष दिले नाही.

प्रत्यक्ष यंत्र तयार झाले ते इंग्लंडमध्ये. गॉडफ्री हाउन्सफील्ड (१९१९–२००४) हे ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानदलात रडारचे काम केले होते आणि पुढे संगणकाच्या रचनेत भाग घेतला होता. एखाद्या वस्तूतून सर्व दिशांनी किरण पाठवून प्रत्येक वेळी किती किरण बाहेर पडले हे मोजले, तर आतील प्रत्येक बिंदूची किरण शोषण्याची क्षमता गणिताने काढता येईल, अशी त्यांची कल्पना होती. प्रयोगशाळेतील पहिल्या मांडणीत मोजमापे घेण्यास नऊ दिवस व संगणकाला उत्तर काढण्यास अडीच तास लागले. सुधारित यंत्रात नलिका व संवेदक डोक्याच्या दोन बाजूंनी सरकत १६० मोजमापे घेत, नंतर एक अंश फिरून पुन्हा तेच करीत. अशा १८० फेऱ्यांत २८,८०० मोजमापे होत. त्यांवरून ८० × ८० म्हणजे ६,४०० चौकटींचे चित्र तयार होई. आजच्या चित्रांच्या मानाने हे फारच ओबडधोबड होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीची तपासणी झाली. चित्रात गाठ स्पष्ट दिसली. जिवंत माणसाचा मेंदू, कवटी न उघडता व हवा न भरता, प्रथमच मेंदू म्हणून दिसला होता. डँडी यांची हवा भरण्याची पद्धत त्यानंतरच्या काही वर्षांतच वापरातून गेली. एका यंत्राने रुग्णांच्या इतक्या वेदना एकदम वाचविल्याचे दुसरे उदाहरण या क्षेत्रात नाही. कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोघांपैकी एकही वैद्य नव्हता.

हे तंत्र (रूढ भाषेत सीटी स्कॅन) जितके उपयुक्त, तितका त्याचा वापर सढळ होत गेला. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्रात रुग्णाला ०.१ मिलिसिव्हर्ट वा त्याहूनही कमी प्रारणमात्रा मिळते. पोटाच्या छेदचित्रणात ती सु. ८ ते १० मिलिसिव्हर्ट असते. निसर्गतः जमीन, अन्न, हवा व अवकाश यांपासून माणसाला जगभर सरासरीने वर्षाकाठी सु. २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे तुलना स्पष्ट होते. एका आवश्यक तपासणीचा धोका तिच्या लाभाच्या मानाने अल्प असतो. अनावश्यक तपासणीत लाभाची बाजूच रिकामी असते. भारतात क्ष-किरण यंत्रांवरील नियंत्रण १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.

चुंबकीय अनुस्पंदन : प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनाची अणुकेंद्रे विशिष्ट कंप्रतेच्या (दर सेकंदाच्या कंपनसंख्येच्या) रेडिओ तरंगांना प्रतिसाद देतात, हे फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली दाखविले. पंचवीस वर्षे हे रसायनशास्त्रज्ञांचे साधन होते. रेमंड डमाडियन यांनी १९७१ साली अर्बुदातील व निरोगी ऊतकातील (समान पेशींच्या समूहातील) प्रतिसाद भिन्न असल्याचे प्रसिद्ध केले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली चुंबकीय क्षेत्र जागेनुसार बदलते ठेवून त्या प्रतिसादापासून प्रतिमा मिळविली, आणि नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद मिळविण्याचे गणित बसविले. २००३ सालचे नोबेल पारितोषिक लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमाडियन यांनी आपल्याला वगळल्याचा निषेध वर्तमानपत्रांत पूर्ण पानांच्या जाहिराती देऊन केला. या तंत्राच्या मूळ नावातील ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द रुग्ण घाबरतील म्हणून पुढे गाळण्यात आला. वस्तुतः यात आयनीभवन करणारे (अणूंतील इलेक्ट्रॉन काढून टाकणारे) प्रारण मुळीच वापरले जात नाही. मेंदू, मेरुरज्जू व सांधे यांसाठी हे तंत्र सर्वोत्तम मानले जाते. धोका असतो तो चुंबकाचा : शरीरातील काही धातूचे तुकडे वा जुन्या बनावटीचे हृदयगतिकारक यांमुळे आणि यंत्राच्या खोलीत नेलेल्या लोखंडी वस्तूंमुळे अपघात घडले आहेत.

श्राव्यातीत ध्वनी : गर्भवती स्त्रियांच्या ओटीपोटाची क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती, गर्भाची स्थिती व मातेच्या श्रोणीची (कमरेच्या हाडांच्या पोकळीची) मापे त्यावरून घेतली जात. ऑक्सफर्ड येथे ॲलिस स्ट्यूअर्ट (१९०६–२००२) यांनी कर्करोगाने दगावलेल्या बालकांच्या मातांची माहिती जमा केली व निरोगी बालकांच्या मातांच्या माहितीशी ती ताडून पाहिली. पहिल्या गटातील मातांनी गर्भारपणात पोटाचे क्ष-किरण चित्र घेतल्याचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. १९५६ व १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावर पुष्कळ वर्षे वाद झाला. एवढ्या अल्प मात्रेने इजा होते, हे तज्ञांना मान्य होण्यासारखे नव्हते. आणि ज्यांना मान्य करावयाचे होते तेच चित्रे घेणारे होते.

किरणांशिवाय गर्भ पाहण्याची सोय त्याच वर्षांत, निराळ्या कारणाने, ग्लासगो येथे झाली. दाब दिल्यास विद्युत् भार निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा गुणधर्म प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधला होता. त्यावर आधारलेल्या ध्वनिसाधनांनी पहिल्या महायुद्धापासून पाणबुड्या शोधण्याचे प्रयत्न झाले, व पुढे कारखान्यांत धातूंच्या पत्र्यांतील भेगा शोधण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. स्वीडनमध्ये इंगे एडलर व हेलमुट हर्ट्‌स यांनी १९५३ साली असेच एक औद्योगिक उपकरण वापरून हृदयाच्या झडपांची हालचाल टिपली. ग्लासगोतील प्रसूतितज्ञ इयान डॉनल्ड (१९१०–८७) यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि तेथील भेगाशोधक यंत्राने तपासल्या. द्रवाने भरलेली गाठ व घन गाठ यांचे प्रतिध्वनी निरनिराळे येतात, असे त्यांना आढळले. पुढे अभियंते टॉम ब्राउन व वैद्य जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी यंत्र बनविले. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून सोडून दिलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडकोशातील द्रवाची प्रचंड गाठ आहे, असे या यंत्राने दाखविले. गाठ काढली व ती स्त्री वाचली. या तिघांचा निबंध जून १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऊतकांतून ध्वनी सेकंदाला सु. १,५४० मी. वेगाने जातो, प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून परावर्तन करणारा पृष्ठभाग किती खोल आहे हे कळते. यंत्र लहान, तुलनेने स्वस्त व हलविता येण्याजोगे असते, आणि निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या तीव्रतेला त्यापासून गर्भाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. गर्भाचे वय, वाढ, जुळे, वारेची जागा, जन्मजात व्यंगे या सर्व गोष्टी त्यामुळे प्रसूतीपूर्वी कळू लागल्या व कित्येक माता-बालकांचे प्राण वाचले. आतापर्यंत सांगितलेल्या तंत्रांपैकी शरीराला सर्वांत निर्धोक ते हेच.

लिंगनिदान व कायदा : भारतात गर्भलिंगनिदानाचा प्रश्न प्रथम गर्भजल तपासणीमुळे उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकात मुंबईसारख्या शहरांत मुलीचा गर्भ पाडण्यासाठी तिचा उघड वापर होऊ लागला. स्त्री संघटना, डॉक्टर व कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे विनियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. तथापि दरम्यान ध्वनियंत्रे (सोनोग्राफी) तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली होती. गर्भजल तपासणीला सुई, प्रयोगशाळा व वाट पाहणे आवश्यक असते. पडद्यावर गर्भ पाहण्यास काही मिनिटे पुरतात, आणि पाहिलेले सांगण्यास शब्दही लागत नाही. डॉनल्ड स्वतः गर्भपाताचे कडवे विरोधक होते, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या (वय ० ते ६ वर्षे) १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ आढळली. कायदा अगोदर झालेल्या राज्यात ही घट थांबली नाही, यावरून कायदा निरुपयोगी होता असे काही जण म्हणतात. अंमलबजावणीच पुष्कळ काळ नावापुरती होती, हे त्यावरील उत्तर अधिक पटण्यासारखे आहे. ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर न्यायालयाने राज्यांना यंत्रांची नोंदणी करण्यास भाग पाडले. २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. प्रत्येक यंत्राची व केंद्राची नोंदणी, गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा विहित नमुना (एफ नमुना) भरणे व अभिलेख जतन करणे बंधनकारक आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात एक वेगळा उपाय योजण्यात आला. यंत्राने पाहिलेल्या सर्व प्रतिमा आपोआप नोंदवून ठेवणारे उपकरण प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला जोडावे व नमुने संगणकावर भरावेत, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो, या मुद्द्यावर क्ष-किरणतज्ञांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये आदेश वैध ठरविला. नमुना भरण्यातील चुका या केवळ लेखनिकाच्या चुका मानून त्यांना शिक्षेतून वगळावे, ही प्रसूतितज्ञांच्या महासंघाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली. तपासणी का केली याची एकमेव नोंद तोच नमुना असतो, असे न्यायालयाच्या निर्णयामागील मुख्य कारण होते. आता हातात मावतील अशी, भ्रमणध्वनीला जोडता येणारी ध्वनियंत्रे बाजारात आली आहेत. ग्रामीण प्रसूतिसेवेत त्यांचा उपयोग मोठा आहे, आणि गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र कायद्यान्वये नोंदणीस पात्र असल्याने ही यंत्रेही त्याच नियमांखाली येतात.